प्रोजेक्शन टीव्हीचे रंग परत परत फाटतायत? आयसी बदलायच्या आधी एवढं बघा

पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्या वरच्या कडेला लाल रेघ दिसते, खालच्या कडेला निळसर. माणसाच्या चष्म्याला रंगीत सावली पडते. रिमोटवरून जुळवलं की चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. मागे भलंमोठं खोकं असलेल्या जुन्या रुंद पडद्याच्या प्रोजेक्शन टीव्हीची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. पुण्यात असे सेट आता मोजकेच उरलेत, पण जे आहेत ते लोकांनी जीव लावून ठेवलेत. त्यांचे फोन मला अजून येतात आणि वाक्यही ठरलेलं असतं: "भाऊ, रंग परत फाटले."

टीव्ही दुरुस्तीत माझी सत्तावीस वर्षं गेली. त्यातून कळलेली गोष्ट आधीच सांगतो. रंग फाटणं ही तक्रार झाली, तो आजार नव्हे. तापासारखंच आहे ते. ताप आला म्हणून प्रत्येकाला एकच गोळी दिली तर काहींचा ताप उतरेल आणि काहींचा दोन दिवसांनी परत चढेल. कोथरूडमधल्या एकाच सेटवर मी हीच तक्रार तीन वेळा घेतली आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. त्या सेटच्या निमित्तानेच हे सगळं लिहितोय.

आत काय चाललेलं असतं

या सेटमध्ये एक मोठी पिक्चर ट्यूब नसते. तळाशी लाल, हिरवी आणि निळी अशा तीन लहान ट्यूब ओळीने बसवलेल्या असतात. बहुतेक सेटमध्ये सात इंची. प्रत्येकीपुढे भिंग असतं, वर तिरका आरसा असतो, आणि आरशावरून तिन्ही चित्रं पडद्याच्या पाठीवर एकावर एक पडतात. हिरवी मधोमध असल्यामुळे तिचं चित्र सरळ पडतं. लाल आणि निळी तिच्या दोन बाजूंना, म्हणजे पडद्याकडे तिरक्या बघणाऱ्या. त्यांचं चित्र मुळात काटकोनात पडतच नाही, एक बाजू उंच आणि दुसरी ठेंगणी होते. ते ओढूनताणून हिरव्यावर बरोब्बर बसवायचं काम कन्व्हर्जन्सचं.

त्यासाठी प्रत्येक ट्यूबच्या मानेवर वेगळी कॉइल असते. तीन रंग, प्रत्येकाला आडवा आणि उभा चॅनल, म्हणजे एकूण सहा. हे सहा चॅनल चालवायला सहसा दोन जाडजूड आयसी, म्हणजे चिप, असतात, एकेकात तीन चॅनल, बऱ्याच सेटमध्ये सान्योच्या एसटीके ३९२ मालिकेतले. ते हीट सिंकला, म्हणजे उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला, आवळलेले असतात आणि सेट चालू आहे तोवर तापलेलेच असतात.

आता रुंद पडद्याचा मुद्दा. ४:३ (रुंदी ४, उंची ३) पडद्याची उंची तेवढीच ठेवून तो १६:९ केला तर रुंदी एकतृतीयांशाने वाढते. मध्यभागापासून जितकं कडेला जावं तितका लाल आणि निळ्याचा तिरकेपणा वाढतो, म्हणजे दुरुस्तीही तितकी जास्त लागते. ही दुरुस्ती म्हणजे त्या आयसीमधून कॉइलमध्ये जाणारा करंट. सुरुवातीच्या रुंद सेटमध्ये हे आयसी का जातात त्याचं निम्मं उत्तर इथंच मिळतं.

१६:९ हा आकडाही हवेतून आलेला नाही. जुनं टीव्हीचं प्रमाण १.३३ आणि सिनेमास्कोपचं साधारण २.३५. या दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की १.७७ येतं, आणि १६ भागिले ९ म्हणजे १.७८. दोन्ही टोकांची चित्रं एकाच चौकटीत कमीत कमी जागा वाया घालवून बसावीत म्हणून १९८० च्या दशकात ही तडजोड निघाली. तडजोड म्हटली की जागा दोन्हीकडे वाया जाणारच. ती जाते तेव्हा ट्यूबचं काय होतं ते पुढे येईलच.

कोथरूडचा सेट, पहिली खेप

घरातले काका मस्कतची नोकरी संपवून १९९९ साली कायमचे परतले तेव्हा घरसामानाबरोबर हा सेट आला. बैठा बंगला आहे म्हणून निभावलं. तिसऱ्या मजल्यावर असता तर चार माणसांनाही जिन्यातून चढवताना घाम फुटला असता. काकांना जुने कृष्णधवल मराठी चित्रपट बघायचा नाद आहे, आणि रंग फाटलेले सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येतात. त्याला कारणही आहे. कृष्णधवल चित्रातला प्रत्येक पांढरा-करडा ठिपका तिन्ही ट्यूब मिळून बनवतात, त्यामुळे लाल केसभर सरकला तरी धोतराच्या काठाला गुलाबी कड दिसते. रंगीत मालिकेत तेवढाच दोष लपून जातो.

मी गेलो तेव्हा लाल रंग वरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला होता. मेन्यूमधली जुळवणीची फुली उघडली तर लाल रेघ मध्यभागी नीट बसायची आणि वर-खाली वाकडीच राहायची. चॅनल मेल्याची ही खूण. सबंध रंगच एका बाजूला सरकला असेल तर ती जुळवणी आहे, रिमोटवर होते. पण रेघ वाकली असेल आणि मेन्यूतून सरळ होत नसेल, तर आयसीचा एक चॅनल गेलाय किंवा त्याच्या वाटेत काहीतरी तुटलंय.

मी आयसी बदलला, चित्र सरळ झालं, पैसे घेतले आणि निघालो. दोन महिन्यांत काकूंचा फोन आला. खोलून बघितलं तर नवीन आयसी मेलेला. चूक माझीच होती, आणि दुहेरी होती.

एक म्हणजे आयसी खोटा होता. सान्योचा सेमीकंडक्टर व्यवसाय २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला. या जातीच्या आयसीचं मूळ उत्पादन तर आता राहिलेलंच नाही. बाजारात मिळतं ते जुन्या साठ्यातलं, दुसऱ्या सेटमधून काढलेलं किंवा नुसतं वर नाव छापलेलं. तेव्हापासून मी जुना मूळ आयसी शेजारी ठेवून वजन, पाठीचा पत्रा आणि छपाईची अक्षरं ताडून बघतो. खोटा हातात घेतल्यावर हलका लागतो. भंगारात निघालेल्या सेटमधून काढलेला चालू मूळ आयसी मिळाला तर नव्या संशयास्पद आयसीपेक्षा मी तोच घेतो.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची, कारण ती सगळेच करतात. आयसी शॉर्ट होऊन जातो तेव्हा बहुतेकदा एकटा जात नाही. त्याच्या आउटपुटनंतर कॉइल आणि कॉइलनंतर अगदी कमी ओहमचे, जास्त वॅटचे रेझिस्टन्स असतात. आयसीने जाता जाता त्यातला एखादा भाजलेला असतो. तो पूर्ण उघडा पडला तर लगेच कळतं. पण किंमत नुसती बदलली असेल तर सेट चालतो, चित्र येतं, आणि नवा आयसी रोज थोडाथोडा मरत राहतो. डोळ्याला काळा दिसो वा न दिसो, प्रत्येक रेझिस्टन्सचा एक पाय उचलून मीटरवर मोजा. मी पहिल्या खेपेला नुसतं डोळ्याने बघितलं होतं. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा एक रेझिस्टन्स छापलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट निघाला.

हे सगळं काम घरच्या घरी करू नका, हे कळकळीने सांगतो. ट्यूबच्या अ‍ॅनोडवर तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेट बंद करून प्लग काढला तरी तो काही काळ तिथे दबा धरून बसतो. खोलायचं काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. घरच्यांनी फक्त मी पुढे सांगतो ते बाहेरून बघायचं आणि येणाऱ्या माणसाला बरोबर प्रश्न विचारायचे.

येणाऱ्या माणसासाठी मात्र एक-दोन गोष्टी. दोन्ही आयसींच्या मिळून सहाही आउटपुटवर डीसी दाब शून्याच्या आसपास हवा. एखाद्यावर पुरवठ्याएवढा प्लस किंवा मायनस दाब अडकलेला दिसला तर तो चॅनल शॉर्ट आहे. एकच रंग एकाच दिशेने बिघडला असेल तर दोष एका चॅनलमध्ये शोधा. तिन्ही रंगांचा एकदमच विचका झाला असेल तर आयसीकडे जाण्याआधी प्लस आणि मायनस पुरवठा आणि त्यांचे फ्यूज बघा. हीट सिंक पेस्ट जुनी, खडूसारखी वाळलेली असेल तर ती पूर्ण खरवडून नवीन लावा, आणि पातळ लावा. थापून लावली तर ती उष्णता वाहून न्यायच्या ऐवजी अडवते.

घरच्यांसाठीही एक सूचना, आणि ती मोलाची आहे. रेघ वाकलेली असताना सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीवाल्यांसाठीच्या लपलेल्या मेन्यूत) जाऊन ती सरळ करायचा प्रयत्न करू नका. मेलेल्या चॅनलला कितीही आकडे दिले तरी तो हलत नाही. आपण आकडे शेवटपर्यंत नेतो, सेव्ह करतो, आणि मग नवा आयसी बसल्यावर चित्र उलट्या बाजूला वाकतं. मूळ आकडे तोवर गेलेले असतात. ते परत जुळवायला माझी एक अख्खी दुपार जाते. सेट चांगला चालू असेल तेव्हाच त्या आकड्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसरी खेप: सेट बिघडलाच नव्हता

भाद्रपद संपत आला होता. काकूंचा फोन: "भाऊ, परत तेच झालंय हो." मी आयसी बरोबर घेऊनच गेलो. पण फुली उघडून बघितली तर या वेळी रेघा वाकलेल्या नव्हत्या. लाल थोडा वर आणि निळा थोडा डावीकडे, सगळीकडे साधारण सारखाच सरकलेला. आयसी मेल्यावर असं दिसत नाही.

मी हॉलमध्ये नजर फिरवली. सेट नेहमीच्या जागी नव्हता. गणपतीचं मखर त्या कोपऱ्यात मांडायचं म्हणून घरातल्यांनी तो चाकांवरून ढकलून शेजारच्या भिंतीला लावला होता आणि विसर्जनानंतर तिथेच राहू दिला होता. आधी तोंड पूर्वेला, आता उत्तरेला.

ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातही थोडासा वळतो. सेटची दिशा बदलली की हे वळण बदलतं. त्यात तिन्ही ट्यूब वेगवेगळ्या कोनात बसवलेल्या, म्हणून प्रत्येकीचं वळण वेगळं. साध्या टीव्हीत यामुळे कोपऱ्यात रंगाचा डाग येतो, प्रोजेक्शनमध्ये रंग सुटतात. शेजारी ठेवलेला मोठा स्पीकर किंवा जुना लोखंडी गाभ्याचा स्टॅबिलायझर हेच काम बारा महिने करू शकतो, तेही बघा.

अर्धा तास सेट चालू ठेवला, मग रिमोटवरूनच जुळवलं, आणि आयसी पिशवीतून बाहेरही काढला नाही. हा अर्धा तास महत्त्वाचा. सेट थंड असताना लाल-निळा थोडे सुटलेले असणं नेहमीचंच. वीस ते तीस मिनिटांत आतलं तापमान स्थिर झालं की ते आपोआप जवळ येतात. लावल्या लावल्या जुळवलं तर तासाभराने पुन्हा सुटलेलं दिसणार, आणि रोज जुळवायची सवय लागणार. "रोज जुळवावं लागतं" म्हणणाऱ्या निम्म्या घरांत मला हेच आढळलंय.

तिसरी खेप: चिकट थेंब

ही खेप मी विसरणार नाही. एप्रिलचा शेवट, उन्हाळा भरात. लाल पुन्हा वाकलेला, आणि त्याच्या जोडीला चित्रावर एक धुरकटपणा. काळ्या पडद्यावर पांढरी नावं आली की त्यांच्याभोवती लालसर वलय दिसत होतं. मागचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं. लाल ट्यूबच्या भिंगाखालच्या सांध्यावर मधासारखा एक थेंब लोंबत होता. त्याच्या बरोबर खाली कन्व्हर्जन्सच्या प्लेटचा (सर्किट बोर्डचा) कोपरा, आणि त्या कोपऱ्यातल्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरा. बोट लावलं तर चिकट.

ते होतं कूलंट. या ट्यूबचा उजेड इतका प्रखर असतो की तोंडाची काच तापून फुटू नये म्हणून काच आणि भिंग यांच्यामध्ये पातळ द्रव भरलेला असतो, बहुतेक इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या मिश्रणाचा. त्याला अडवणारी रबरी रिंग वीस-पंचवीस वर्षांत कडक होते आणि मग द्रव झिरपायला लागतो. तो प्लेटवर पडला की पिना खातो, तांब्याच्या रेघा खातो, आणि नको तिथे करंटला वाट करून देतो. अशा प्लेटवर चार आयसी बदललेत तरी चारही जाणार.

इथे घरच्यांसाठी एक इशारा. हा द्रव चवीला गोड आणि पोटात गेला तर विषारी असतो. सेटखाली फरशीवर चिकट डाग दिसला तर लहान मुलं आणि मांजर-कुत्रं त्यापासून लांब ठेवा, आणि ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या.

दुरुस्ती दोन दिवस चालली. भिंग काढण्याआधी त्याच्या फोकसची जागा मार्करने खूण करून ठेवली, नाहीतर नंतर ती सापडता सापडत नाही. द्रव काढला, रिंग बदलली, नवा द्रव बुडबुडा न राहता भरला. प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, कनेक्टर नवा बसवला, खाल्लेल्या दोन रेघांवर तार ओढली. कनेक्टर आणि पेस्ट पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, मिळाली, पण त्या मापाची रिंग शोधायला सगळ्यात जास्त हिंडावं लागलं. निळ्या ट्यूबचा द्रवही बघितला. कधीकधी या द्रवात पांढुरक्या बुरशीचे धागे तरंगतात आणि चित्र धुरकट होतं, पण इथे तो स्वच्छ होता.

आणखी एक गोष्ट दिसली. काकूंनी खिडकीचा जाड पडदा सेटच्या मागे ओढून ठेवला होता, त्यामुळे हवा जायच्या जाळ्या पूर्ण झाकल्या गेल्या होत्या. एप्रिल-मेमधल्या पुण्याच्या दुपारी बंद हॉलमध्ये असा सेट म्हणजे आयसीला शिक्षाच. जाळीतून आत शिरलेली एक वाळकी पालही हीट सिंकशेजारी सापडली. या वेळी दोष तिचा नव्हता, पण पालीने प्लेट शॉर्ट केलेले सेट मी पाहिलेत, म्हणून मागच्या जाळ्यांना आतून बारीक जाळी लावून घ्या, हवा अडणार नाही इतपत.

लाइटबद्दलही सांगतो. पुण्यात गुरुवारी लाइट जायची सवय सगळ्यांना आहे. लाइट येते तेव्हा दाब दोन-चारदा वर-खाली होतो. कन्व्हर्जन्स आयसीला प्लस आणि मायनस दोन्ही पुरवठे एकत्र लागतात. त्यातला एक अडखळत आला तर आयसी तिथेच जाऊ शकतो. लाइट गेली की प्लग काढा, आली की पाच मिनिटं थांबून लावा. सेट नुसता रिमोटवर बंद करून ठेवणं पुरत नाही.

एवढं करावं का?

हे मला काकांनीच विचारलं. मी त्यांना जे दाखवलं तेच लिहितो, कारण आयसीवर पैसे घालायच्या आधी प्रत्येकाने हे घरी बघावं.

डीव्हीडीवरून किंवा मोबाइलवरून पूर्ण पांढरा पडदा लावा. रंग मेन्यूतून शून्यावर आणा. पाच पावलं मागे जाऊन बघा. मधला चौकोन बाजूंपेक्षा मळका, पिवळसर दिसतोय का? दिसत असेल तर ट्यूब असमान झिजल्यात. वर्षानुवर्षं ४:३ चं चित्र दोन बाजूंना काळे पट्टे ठेवून बघितलं की ट्यूबचा मधला पाऊण भाग झिजतो आणि बाजूचा प्रत्येकी साडेबारा टक्के भाग नवाच राहतो. निळी ट्यूब बहुतेकदा आधी उतरते, म्हणून मधला भाग पिवळा पडतो. बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगोही असेच कोरले जातात. याला जुळवणी नाही, दुरुस्ती नाही. ट्यूब उतरल्या असतील तर कन्व्हर्जन्सवर एक रुपयाही घालू नका, असं मी लोकांना तोंडावर सांगतो.

काकांच्या सेटमध्ये झीज होती, पण थोडी. याचं श्रेय त्यांना. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सुरुवातीलाच कॉन्ट्रास्ट निम्म्याखाली आणला होता. कारखान्यातून हे सेट दुकानात उठून दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत चढवून यायचे, आणि लोक तसेच दहा वर्षं चालवायचे.

आता गुण. काळा रंग खरा काळा. झोत बंद म्हणजे उजेड बंद, मागून झिरपणारा दिवा नाही, त्यामुळे रात्रीचं दृश्य या पडद्यावर बघणं हा वेगळाच अनुभव आहे. चौकोनी ठिपके नाहीत, चित्र मऊ आणि अखंड दिसतं. चेंडू सीमारेषेकडे धावला तरी त्याच्या मागे शेपूट उरत नाही. आणि १६:९ साठी काढलेली डीव्हीडी असेल तर फायदा मोजता येतो. पाल (PAL) या आपल्याकडच्या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीत चित्राच्या ५७६ रेषा असतात. रुंद चित्र ४:३ मध्ये वर-खाली पट्टे ठेवून बसवलं तर प्रत्यक्ष चित्राला ४३२ रेषा उरतात. तीच डीव्हीडी रुंद सेटवर नीट लावली तर सगळ्या ५७६ रेषा चित्रालाच मिळतात. त्या काळात दिवाणखान्यात बसून एवढ्या मोठ्या पडद्यावर असं चित्र बघायची सोय सहसा दुसऱ्या कशात नव्हती. नळीचा साधा टीव्ही एवढ्या मापाचा निघतच नव्हता.

डीव्हीडी प्लेअरच्या मेन्यूत चित्राचं प्रमाण १६:९ वर ठेवलंय ना ते मात्र बघा. मी कितीतरी घरांत ते ४:३ वर राहिलेलं पाहिलंय, आणि मालक म्हणतात की सेटचं चित्र पसरट आहे.

दोषही तितकेच खरे. दिवसा, खिडकी उघडी असताना चित्र फिकं पडतं आणि पडद्यात खिडकीच दिसते. बसल्या जागेवरून उत्तम, उभं राहिलं की चित्र अंधारतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मालिका बघणाऱ्या काकूंना निम्मी मालिका काळोखात दिसायची. सतरंजीवर बसणाऱ्या नातवंडांचंही तेच. व्हीसीडी या सेटवर लावूच नये. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं चित्र पन्नास इंचावर ताणलं की चेहऱ्याची ओळख पटत नाही. जुन्या वाहिन्या ४:३, त्या पूर्ण पडद्यावर ताणल्या की माणूस एकतृतीयांशाने रुंद होतो, आणि झूम केलं तर वरून डोकं आणि खालून धावफलक कापला जातो. कुठलाही पर्याय निवडा, काहीतरी जातंच.

काकांचा पेच हाच होता. त्यांचे लाडके कृष्णधवल चित्रपट सगळे ४:३. चित्र खऱ्या प्रमाणात बघावं तर ट्यूब झिजते, ट्यूब वाचवावी तर चित्र बिघडतं. मी म्हटलं, "काका, चित्र बिघडवून बघू नका. सेट तुमच्यासाठी आहे." त्यांच्या सेटमध्ये बाजूचे पट्टे काळ्याऐवजी करडे करायची सोय होती, ती लावून दिली. करड्या पट्ट्यांमुळे बाजूचा भागही थोडा झिजतो आणि फरक कमी पडतो. बातम्या आणि मालिकांसाठी वेगळा साधा एलईडी घ्यायला सांगितला, तो त्यांनी बेडरूममध्ये लावला. आता मोठा सेट फक्त रात्री, दिवे घालवून, चित्रपटापुरता.

नवा सेट-टॉप बॉक्स जोडायचा असेल तर त्याला पिवळी-लाल-पांढरी पिन आहे का ते आधी बघा. असेल तर तीच वापरा. फक्त एचडीएमआय असेल तर मधे बदलणारी डबी लागते, आणि अशा जुन्या सेटसाठी ती पाल सिग्नल देणारी हवी. एचडी सिग्नल देणारी डबी आणलीत तर पडदा कोराच राहील किंवा चित्र गुंडाळत राहील, आणि लोक पुन्हा मला सांगतील की सेट बिघडला.

सफाई करताना दोनच गोष्टी. पडदा प्लास्टिकचा आहे, त्यावर बारीक उभ्या खाचा आहेत. काच पुसायचं औषध मारू नका. मऊ सुती फडकं किंचित ओलं करून, न दाबता, वरून खाली पुसा. आणि आतल्या आरशाला दिवाळीच्या साफसफाईत कुणालाही हात लावू देऊ नका. त्याचा मुलामा काचेच्या मागे नसतो, पुढच्या पृष्ठभागावरच असतो, आणि घासला की निघून येतो. धूळ हवेने उडवायची, फार तर मऊ ब्रशने.

तिसऱ्या दुरुस्तीनंतर सेट मूळ कोपऱ्यात परत लावला, भिंतीपासून दोन विती पुढे, तोंड पूर्वेला. खिडकीचा पडदा काकूंनी कापून आखूड केला. अर्धा तास तापवून जुळवणी केली, पांढऱ्या रेघांची जाळी चारही कोपऱ्यांपर्यंत एकरंगी झाली. मी चाकांच्या जागी फरशीवर खडूने खुणा करायला लागलो तर काकू म्हणाल्या, "भाऊ, उद्या फरशी पुसली की जातील त्या," आणि आतून लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. चार चाकांना चार ठिपके. पुढच्या गणपतीत मखरासाठी सेट हलवला, आणि विसर्जन झाल्यावर मुलांनी तो त्याच ठिपक्यांवर परत आणून ठेवला. काकूंचा फोन आला तो प्रसादाला या म्हणून.